सोमेशकाकाचा नेम

"काका, तुम्ही शेवटची अंघोळ कधी केली?"

प्रश्न विचारून झाल्यावरही अंबिकाने दाराची कडी सोडली नाही. मागे जिन्यात पुनम आणि आरती एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून हसत होत्या. पैज साधी होती. विचारलं तर पाणीपुरीच्या दोन प्लेटा. नाही विचारलं तर सूत्रसंचालिकाबाईंनी आठवडाभर वर्गात तोंड उघडायचं नाही.

सूत्रसंचालिकाबाई म्हणजे अंबिकाच. जानेवारीतल्या स्नेहसंमेलनात नववीच्या या पोरीने अडीच तास माईक सोडला नव्हता. मध्येच लाईट गेली तेव्हासुद्धा तिने अंधारातच मुख्याध्यापकांच्या नावाने टाळ्या वाजवून घेतल्या होत्या. त्याआधीच्या वर्षापर्यंत हजेरीला "उपस्थित" म्हणतानाही जिचा आवाज बाकाखाली पडायचा, ती आता रिक्षावाल्याशी भाडं ठरवायची, बँकेत रांग मोडणाऱ्याला हटकायची आणि मैत्रिणींच्या कुठल्याही पैजेला हो म्हणायची.

खोलीत काका भिंतीकडे तोंड करून पडला होता. पंखा बंद होता. कुशीवर वळायला त्याला बराच वेळ लागला.

"बुधवारी," तो म्हणाला.

आज सोमवार होता. जिन्यात कुणीतरी फस्सकन हसलं.

"बाहेर कोण हाय?"

"पुनम नि आरती. अभ्यासाला आल्यात."

"मग जिन्यात कामून बसवलंस? आत बोलव की." त्याने उठायचा प्रयत्न केला, एक हात गादीवर टेकवला आणि तसाच राहिला. "खुर्चीवरचे कपडे उचल. बसायला जागा कर त्यांना."

अंबिका खुर्चीकडे गेली नाही. काकाच्या शर्टाची वरची दोन बटणं उघडी होती आणि गळ्यात काही नव्हतं. लिंगाची चांदीची डबी नव्हती, दोराही नव्हता. जिथे तो रोज असायचा तिथे मानेवर एक फिकट रेघ तेवढी उरली होती.

"नको काका. चालल्या त्या," ती म्हणाली आणि तिने दार हळूच ओढून घेतलं.

"जिंकली, जिंकली!" पुनमने तिच्या पाठीत धपाटा घातला. "बुधवारी म्हणे! बया, सहावा दिवस की गं. तुझ्या काकाला नळाखाली धरून नेऊ का आपण?"

अंबिका कठड्याच्या रंगाचा पोपडा नखाने काढत होती. पोपडा निघाला, तिने दुसरा धरला.

"बुधवारी अंघोळ म्हणजे बुधवारी पूजा," ती म्हणाली.

"मग?"

"मग काय मग? आम्हा लिंगायतांत अंघोळ केल्याबिगर गळ्यातल्या लिंगाची पूजा न्हाई. पूजा केल्याबिगर जेवण न्हाई."

आरतीच्या घरी असलं काही नव्हतं. तिच्याकडे सकाळी उठल्या उठल्या शिळी भाकरी दुधात कुस्करून सगळ्यांना मिळायची. तिने बोटांवर मोजलं. गुरुवार, शुक्रवार, शनिवार. रविवारपाशी तिचं बोट थांबलं आणि तिने हात फ्रॉकच्या खिशात घातला.

"मग तुझा काका काय खातो?" तिने विचारलं.

पाणीपुरीला त्या दिवशी कुणीच गेलं नाही.

*

महानंदा, म्हणजे अंबिकाची आई, स्वयंपाकघरात ज्वारीचं पीठ चाळत होती. ओट्याच्या कोपऱ्यात एक ताट दुसऱ्या ताटाखाली झाकलेलं होतं. अंबिकाने वरचं ताट उचललं. दोन भाकरी, वांग्याची भाजी, शेंगाची चटणी, वाटीत वरण. वरणावर साय धरली होती.

"झाक ते. भावजीचं हाय."

"कधीचं?"

"सकाळचं. संध्याकाळी गाईला घालते, मग रात्रीचं नवीन झाकते." आईने चाळणी थोपटली. "रोजचंच हाय ते."

"आणि ते रोज जेवत न्हाईत."

"पूजा कुठं करतात?"

"तू वर नेऊन दे की."

आईने तिच्याकडे असं पाहिलं, जणू पोरीने चपला घालून देवघरात पाय ठेवला होता.

"काय बोलून राहिलीस? त्यांचा नेम हाय. आठव्या वर्षी दीक्षा घेतल्यापासून एक दिवस चुकला न्हाई. बिदरच्या लग्नात टाकीत पाणी नव्हतं, तर दुपारी चार वाजेपर्यंत उपाशी बसले होते. पंगती उठल्या, आचारी भांडी घासायला बसले, तरी हे म्हणले, वैनी, अंघोळ होऊ दे. एवढ्या नेमाच्या माणसाच्या पुढं मी बिनपूजेचं ताट ठेवू? म्हणजे तुमचा नेम गेला असं मीच तोंडावर सांगितल्यासारखं होईल की."

"मग चहा?"

"चहा चालतो. चहा-टोस्ट काय जेवण हाय का? तेवढं मी वर ठेवून येते. कालपासून दोन टोस्टाचे चार केलेत." पिठाचा हात तिने कपाळाला लावला, तिथे पांढरा पट्टा उमटला. "ताप असता, पाय मोडला असता, तर गोष्ट निराळी. मीच भरवलं असतं. पण धडधाकट माणूस हाय गं. भूक लागली की उठतील, असं म्हणते मी रोज."

आईच्या आवाजात राग नव्हता. तिच्या ताटातली भाजी काकाच्या भाजीच्या निम्मीसुद्धा नसायची, हे अंबिकाला माहीत होतं. तिने ताट झाकलं.

"गळ्यातलं लिंग काढून ठेवलंय त्यांनी," हे वाक्य तिच्या ओठांपर्यंत आलं होतं. पण आईने तवा चढवला आणि अंबिका खाली दुकानात गेली.

*

खाली भुसाराचं दुकान होतं. तुरीचा सीझन. दारात टेम्पो उभा, हमाल पोती उतरवत होते, आणि मलप्पा, म्हणजे अंबिकाचा बाप, तिचा अप्पा आणि सोमेशकाकाचा थोरला अण्णा, पोत्यात हात घालून मूठभर तूर तळहातावर पसरत होता. फुंकर मारली, दोन दाणे दाताखाली घेतले, मान हलवली.

एरवी हे काम सोमेशकाकाचं होतं. गिऱ्हाइकाशी बोलणं, शेतकऱ्याला बसवून पाणी देणं, पोरांना गुळाचा खडा देणं, सगळं तोच करायचा. डिसेंबरमध्ये स्नेहसंमेलनाची तयारी चालली होती तेव्हा त्यानेच अंबिकाला दुकान बंद झाल्यावर गल्ल्यापाशी उभं केलं होतं आणि स्वतः मागच्या थप्पीवर जाऊन बसला होता. "इथपर्यंत ऐकू येईना झालंय. पोत्यांना कान न्हाईत म्हणून काय झालं, मला हाईत." तेव्हाही तो मधूनमधून गप्प व्हायचा. वाक्य संपायचं आणि तो थप्पीवर तसाच बसलेला असायचा. तिला वाटायचं, काका ऐकून राहिलाय.

"अप्पा, काकांना डॉक्टरकडं न्यायला पाहिजे."

"हळू बोल." अप्पाने हमालांकडे पाहिलं. "काय झालंय त्याला?"

"तेच डॉक्टर सांगतील."

"मी सांगतो की. आळस भरलाय अंगात. मागच्या महिन्यात आणून बसवला होता इथं काट्यापाशी. धर्माबादचा व्यापारी समोर, आणि हा वजन बघता बघता रडायला लागला. पोरासारखा. मी म्हणलं, डोळ्यात तुरीची धूळ गेली." अप्पाने हातातले दाणे पोत्यात टाकले नाहीत, मुठीत धरून ठेवले. "अंबू, निलंग्याच्या पाव्हण्यांचा निरोप आलाय, सोमेशसाठी. मुलगी शिकलेली हाय. या महिन्यात बघायला येणार हाईत. असल्या टायमाला घरातली गोष्ट घरात ऱ्हाऊ दे. तुझ्या त्या मैत्रिणींना सांगत बसू नको."

त्या मैत्रिणींनी ऐकलंय, हे अंबिकाने सांगितलं नाही.

"लग्न झालं की लागतो माणूस मार्गाला," अप्पा म्हणाला आणि पुढच्या पोत्याकडे वळला.

*

अंबिकाला वाटलं, मोठ्यांना जमत नाही, कारण मोठे नीट प्रयत्न करत नाहीत. रात्री तिने ड्रॉइंगच्या वहीतलं मोठं पान काढलं आणि तीन रंगांच्या स्केचपेनांनी वेळापत्रक आखलं. सहा वाजता उठणे. सव्वासहा, किल्ल्यापर्यंत फिरणे. सात, अंघोळ. साडेसात, पूजा. आठ, नाश्ता. खाली हिरव्या रंगात 'हसणे' असं लिहून तिने त्यापुढे 'दिवसभर' लिहिलं.

मंगळवारी सकाळी शाळेत जाण्याआधी ती वर गेली आणि खिडकी धाडकन उघडली.

"गुड मॉर्निंग! उपस्थित सर्व मान्यवरांचं, म्हणजे फक्त तुमचंच, सहर्ष स्वागत!"

काकाने डोळ्यांवर हात आडवा धरला. तिने ते पान त्याच्या समोरच्या भिंतीवर चिकटवलं आणि एकेक ओळ वाचून दाखवली. सगळ्या जगात माणसं किती दुःखात असतात, तरी कशी उठतात. आपल्याला तर देवाने घर दिलंय, दुकान दिलंय, दोन हात दिलेत. बोलता बोलता तिला स्वतःचाच आवाज आवडायला लागला.

काका ऐकत होता. शेवटी तो म्हणाला, "अक्षर सुधारलं गं तुझं."

"मग उद्यापासून?"

"बघतो."

"बघतो न्हाई, करतो म्हणा."

"करतो," काका म्हणाला. तिला बरं वाटावं म्हणून तो ओठांनी हसलासुद्धा.

ती दोन-दोन पायऱ्या उड्या मारत खाली उतरली.

*

बुधवारी दुपारी शाळा सुटल्यावर ती दप्तरासकट वर आली, तेव्हा काका मधल्या माडीवर, मोरीच्या बाहेरच्या पायरीवर बसलेला होता. खांद्यावर टॉवेल. पायाशी चपला. मोरीचं दार उघडं होतं आणि आत बादली काठोकाठ भरलेली दिसत होती.

"अरे वा! झाली अंघोळ?"

काकाने मान हलवली. नाही.

टॉवेल कोरडा होता. केस चिकट होते. अंबिकाने मोरीत जाऊन बादलीत बोट घातलं. पाणी थंडगार.

"गरम पाणी कधी काढलं?"

"वैनींनी सकाळी काढून दिलं. आठला." त्याने घसा खाकरला. "तू म्हणालीस ना, सातला. आठ झाले."

आता सव्वातीन वाजले होते.

कालपर्यंतची, माईक न सोडणारी अंबिका असती, तर काहीतरी बोलली असती. बोलायला तिच्याकडे पुष्कळ होतं. पण बादलीत बुडवलेलं बोट गार पडलं होतं. ती त्याच्याखालच्या पायरीवर बसली. दप्तर पाठीवरच राहिलं.

बराच वेळ खालून काट्याचा आवाज येत राहिला. कुणीतरी पोतं टाकलं. अप्पा हमालाच्या अंगावर ओरडला.

"बादली भरली होती," काका म्हणाला. "तांब्या तेवढा उचलायचा होता."

"जड वाटला?"

"न्हाई गं. तांब्यात काय जड. तांब्या उचलायचा, मग पाणी घ्यायचं, मग डोक्यावर ओतायचं, मग साबण, मग पुसायचं, मग कपडे, मग पूजा... सगळं एकदम समोर उभं ऱ्हातं. त्यातलं पहिलं कुठलं तेच कळत न्हाई." त्याने बादलीकडे पाहिलं. "लोक तर रोजच करतात अंघोळ."

"काही झालंय का काका? कुणी काही बोललं?"

"काहीच झालं न्हाई." त्याने टॉवेलचं टोक बोटाला गुंडाळलं. "त्याचीच लाज वाटते बघ. काही झालं असतं, तर सांगता आलं असतं की. मळणी बुडाली, पैसे गेले, कुणी फसवलं. अण्णा विचारतो, काय झालं, काय झालं. मी काय सांगू? काहीच झालं न्हाई आणि मी असा झालो."

अंबिकाने पायरीवरचे तुरीचे दोन दाणे उचलून शेजारी शेजारी ठेवले.

"गळ्यातलं कुठंय?"

"कपाटात. धुतलेल्या धोतरात बांधून ठेवलंय."

"ते तर काढत न्हाईत ना? म्हणजे... कधीच न्हाई?"

"न्हाई काढत," काका म्हणाला. "मातीत जातानाही माणसाबरोबर असतं ते." मग टॉवेलचं टोक सोडून, "पूजा होईना, अंघोळ होईना. माझ्यासोबत त्याची कामून आबाळ. मी असा घाण. ते तरी चांगल्या जागी ऱ्हावं, म्हणून."

ते तरी. अंबिकाने हे दोन शब्द मनातल्या मनात परत म्हणून पाहिले. एक प्रश्न होता. तो विचारायला कुणी पैज लावली नव्हती, आणि असले प्रश्न विचारले की ते खरे होतात असं तिला कुठेतरी वाटत होतं. तिने दप्तराचे दोन्ही पट्टे घट्ट धरले.

"काका, मरून जावंसं वाटतं का तुम्हाला?"

काका दचकला नाही. तो तिच्यावर ओरडलाही नाही. त्याने खांद्यावरचा टॉवेल काढला, मांडीवर पसरला आणि चार घड्या घातल्या.

"वाटतं."

"रोज?"

"पहाटे जास्त."

"आत्ता?"

"आत्ता तू बसलीस की इथं." त्याने घडी घातलेला टॉवेल पुन्हा उलगडला. "कुणी विचारलंच न्हाई असं. अंघोळ केली का विचारतात. जेवला का विचारतात." मग तो घाईने म्हणाला, "अण्णाला सांगू नको. आधीच तो बेजार हाय. वैनींना तर अजिबात नको."

"सांगणार."

"अंबे."

"तुम्ही रागवा. वर्षभर बोलू नका माझ्याशी. पण सांगणार मी." तिने नाक मनगटाला पुसलं. "तुमच्या मागं न्हाई सांगणार. तुमच्यासमोरच सांगते. म्हणून आधी तुम्हाला सांगून राहिले."

काकाने तोंड भिंतीकडे वळवलं. त्याची पाठ हलत होती. अंबिकाने त्याच्या पाठीवर हात ठेवावा की नाही, हे तिला ठरवता आलं नाही. शेवटी तिने त्याच्या चपलेच्या अंगठ्याला धरलं आणि धरून ठेवलं.

थोड्या वेळाने तिने दप्तर उतरवून मधल्या सुट्टीचा डबा काढला. अर्धी भाकरी आणि चटणी उरली होती. झाकण तिने दोघांच्या मध्ये ठेवलं.

"पूजा झाली न्हाई माझी," काका म्हणाला.

"अप्पांना डेंग्यू झाला होता तेव्हा?"

"तेव्हा काय?"

"आठ दिवस अंघोळ नव्हती. मी होते की तिथं. तुम्हीच कपाळाला विभूती लावायचे आणि चमच्याने पेज भरवायचे. आई म्हणली, आधी ओल्या कपड्याने अंग तरी पुसू द्या, तर तुम्ही तिलाच म्हणलात, वैनी, बाजूला व्हा. अप्पांचा नेम मोडला का तेव्हा?"

"तो आजारी होता, अंबे."

अंबिका काहीच बोलली नाही. हे तिला नवीन होतं, आपली पाळी असताना न बोलणं, आणि ते लई अवघड होतं.

काका डब्याच्या झाकणाकडे बघत राहिला. खाली काटा दोनदा वाजला. मग त्याने भाकरीचा एक तुकडा मोडला. कपाळाला लावला. तोंडात घातला आणि कितीतरी वेळ चावत राहिला.

"तिखट हाय," तो म्हणाला.

"आईने केलीय. तिला सांगा."

दुसरा तुकडा त्याने स्वतःहून मोडला. तिसरा त्याच्या हातात राहिला, तोंडापर्यंत गेला नाही. तेवढंच.

जिन्याच्या कोपऱ्यात टोस्टच्या पुड्यांचे रिकामे खोके रचलेले होते. अंबिकाने एक ओढून त्याची बाजू टरकन फाडली आणि दप्तरातून मार्कर काढला. कोऱ्या बाजूवर तिने 'दुकान उद्या बंद राहील' असं लिहिलं. मग ती थांबली.

"खाली कारण लिहावं लागतं," ती म्हणाली. "कारण न्हाई लिहिलं तर लोक कायबी समजतात. काय लिहू?"

काकाने हात पुढे केला. पुठ्ठा मांडीवर घेतला. पहिलं अक्षर वाकडं आलं. त्याने लिहून झाल्यावर टोपण लावलं, नीट, टक आवाज होईपर्यंत.

अंबिका उठली नाही. काकाच्या चपलेवर एक हात ठेवून तिने बसल्या जागेवरून हाक मारली. "अप्पा! आई! वर या! दोघं बी या!"

खाली काट्याचा आवाज थांबला. अप्पा पुढे आला, मिशीवर तुरीची धूळ, कपाळाला आठ्या. मागून आई, हाताला पीठ. गेल्या महिन्याभरात दोघं एकदम वर आले नव्हते. मोरीतली भरलेली बादली, काकाच्या मांडीवरचा टॉवेल आणि मोडलेली भाकरी बघून आई जिन्यातच थांबली. अप्पाची नजर पुठ्ठ्यावर गेली. त्याने ओठ न हलवता वाचलं. मग परत वाचलं.

"हे कुणी लिवलं?"

"खालची ओळ काकांनी," अंबिका म्हणाली. ती बसूनच बोलली, पण एकही शब्द गिळला नाही. "अप्पा, आई, मी ठरवलंय. काकांना मरून जावंसं वाटतंय. त्यांनीच सांगितलंय मला, आता तुम्हाला बी सांगतील. आज आपण सगळे वरच झोपायचं, त्यांच्याजवळ. उद्या साडेसहाच्या गाडीने चौघांनी लातूरला जायचं, सरकारी दवाखान्यात मनाच्या आजाराचे डॉक्टर बसतात, त्यांच्याकडं. मी शाळेत जाणार न्हाई. अंघोळ झाली तर झाली, न्हाई झाली तर तसंच जायचं. आणि ही पाटी मी आत्ताच शटरला लावायला चाललेय."

तिने पुठ्ठा उचलून त्यांच्यासमोर धरला. दुकान उद्या बंद राहील, आणि त्याखाली वाकड्या अक्षरात: मी आजारी आहे. सोमेश.